ज्ञानू मुकादमांचा घाट

पाचगणीत कुणी पाहुणा आला की आधी हवेची चौकशी व्हायची. हवा मानवली का, भूक लागते का, झोप नीट येते का. मी तिथल्या मराठी शाळेत मास्तर म्हणून दहा वर्षं काढली, पण आल्या माणसाला रस्त्याबद्दल विचारणारा एकच माणूस मला भेटला. आणि तो विचारायचाही असा, की समोरच्याला आपण चोरी करताना सापडलो की काय असं वाटावं.

मी सांगलीचा. नेमणुकीचा कागद आला तेव्हा ट्रंक बैलगाडीत टाकली आणि वाईहून सायकल हातात धरून पसरणीचा घाट चढायला लागलो. त्या घाटात सायकलवर बसून वर जाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि पुढेही कित्येक वर्षं पाहिला नाही. उतरताना बसायचं आणि चढताना ढकलायचं, हा आम्हां सगळ्यांचाच रिवाज. या रिवाजापायी पुढे आमची काय फजिती होणार होती ते तेव्हा कुणाला ठाऊक?

अर्ध्या घाटात एक उंच, काटकुळा म्हातारा आडवा आला. गुडघ्यापर्यंत धोतर, वर खात्यानं दिलेला खाकी कोट, डोक्याला फेटा आणि हातात लोखंडी टोकाचा बांबू.

"कुठनं आलासा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, सांगलीहून.

"त्ये न्हाई इचारलं. कडंनं आलासा का मधनं?"

मी म्हटलं, मधून. तर म्हणाला, उद्यापासनं कडेनं यायचं, मधला रस्ता चाकांचा आहे. माझ्या हातात सायकल होती, तिला चांगली दोन चाकं होती, पण हे त्याला ऐकवायची माझी छाती झाली नाही. मी मुकाट्यानं गटाराच्या कडेकडेनं वर गेलो.

हे ज्ञानू मुकादम. घाटाच्या पायथ्याच्या वाडीत घर, आणि साडेचार मैलांचा घाट ताब्यात. हाताखाली आठ माणसं, त्यांत तीन बायका. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, पावसाळ्यात दरड आली की ती काढायची, एवढंच खरं तर काम. घाट सरकारचा असल्याचं कागदोपत्री नोंदलेलं होतं म्हणे. पण कागद कुठं तरी कपाटात आणि मुकादम सकाळी सहापासून रस्त्यावर, तेव्हा घाट कुणाचा याबद्दल कुणाला शंका नव्हती.

रस्त्याबद्दल ते बोलायचे ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. "तिसऱ्या वळणाचं आज बरं न्हाई," म्हणायचे. किंवा, "खालच्या मोरीनं लय दिस तरास दिला, आता जरा गप हाय." एकदा मी चेष्टेनं विचारलं, मुकादम, रस्त्याला ताप येतो का हो? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मास्तरकी करणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, "येतो की. चैतात हात लावून बघा." मी हात लावून पाहिला नाही. आता वाटतं, पाहायला हवा होता.

त्यांचा खरा राग दगडांवर होता. दगडांवर म्हणजे, गाडीवानांवर. चढाला बैल दमले की गाडीवान चाकामागं दगडाची उटी लावतात, म्हणजे गाडी मागे सरकत नाही. बैलांनी दम खाल्ला की गाडी पुढं जाते आणि दगड राहतो तिथंच, भर रस्त्यात. हे दृश्य दिसलं की मुकादमांचं माथं भडकायचं. पण ते शिव्या देत नसत. एकदा वाईतल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या गाडीवानानं असा हा एवढा धोंडा सोडला. मुकादमांनी तो पाटीत घातला, पाटी डोक्यावर घेतली, साडेचार मैल घाट उतरले, शिवाय पुढं वाईपर्यंतची वाट तुडवली आणि भर बाजारात त्या व्यापाऱ्याच्या पेढीवर, गादीच्या शेजारी, धोंडा नेऊन ठेवला. हात जोडून म्हणाले, "मालक, तुमचं सामान इसारलं हुतं." आणि पाण्याचा घोटही न घेता परत फिरले. त्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकांनी पुढं महिनाभर पिडलं. जो येई तो धोंड्याचा भाव विचारी.

दुसरी त्यांची गोष्ट तांबड्या मुरमाची. दर उन्हाळ्यात लाटसाहेबांची स्वारी महाबळेश्वरला जायची. त्याआधी दोन दिवस घाटात वरून नवा मुरूम पसरायचा, पखालीनं पाणी मारायचं आणि कडेच्या दगडांना चुना लावायचा, ही पद्धत. काम झालं की रस्ता असा तांबडाबुंद दिसायचा की पाय ठेवायला जीव होऊ नये. आणि मुकादम ठेवूही देत नसत. लाटसाहेबांची मोटार जाईपर्यंत गाडी नाही, घोडा नाही, शेळीसुद्धा नाही. ज्याला वर जायचं त्यानं डोंगरातल्या पायवाटेनं जावं.

एका वर्षी नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या लेकीचं, सोनाबाईचं लग्न आलं. लग्न वरच्या अंगाच्या देवळात. नवऱ्याकडची मंडळी सांगलीजवळच्या माधवनगरची. जावई तिथल्या गिरणीत होता. आता नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत घाटानं आणायचं ठरलेलं. मुकादम पहिल्या वळणावर बांबू घेऊन उभे. व्याह्यांना म्हणाले, हात जोडतो, पाया पडतो, पण वाट वरनं हाय. व्याही म्हणाले, अहो, नवरदेव तुमचाच जावई. मुकादम म्हणाले, "जावई माझा हाय, रस्ता लाटसायबाचा." मग काय, बाशिंग बांधलेला नवरदेव करवंदीच्या जाळ्यांतून धोतर सोडवत सोडवत वर चढला. ताशेवाल्याचा ताशा पाठीवर, व्याह्यांचा चेहरा विचारू नका. माधवनगरची माणसं ते लग्न विसरली नाहीत. सोनाबाई माहेरी आली की नवरा मुद्दाम विचारायचा, रस्ता मोकळा आहे का वडलांचा?

लढाई सुरू झाली आणि पेट्रोल गायब झालं. पाचगणीची पार रया गेली. मोटारी येईनात, हॉटेलं ओस. आमच्याकडे खुर्शीदबाई म्हणून एक पारशी विधवा होत्या, त्यांचं बाजारपेठेच्या वर हॉटेल होतं. ती बाई रोज सकाळी बावीस खाटांच्या चादरी झटकायची आणि रोज संध्याकाळी त्यांकडे बघत बसायची. सगळा गाव हवालदिल, आणि मुकादम खुशीत. त्यांच्या मते रस्त्याला पहिल्यांदाच विसावा मिळाला होता.

लढाई संपल्यावर वर्षभरानं गावात बातमी आली, सायकलींची शर्यत येणार. साताऱ्याहून निघायचं, वाईवरून घाट चढून पहिला मुक्काम पाचगणी, दुसऱ्या दिवशी पुणे. चढणारे तेवीस जण, आणि सगळे पगारी. सायकलींच्या व्यापाऱ्यांनी त्यांना ठेवलेलं. सायकल चालवायचा पगार मिळतो हे ऐकून आमच्या गावची मती गुंग झाली. टपालवाल्यानं तर माझ्याकडे येऊन विचारलं, मास्तर, माझी अकरा वर्षं धरतील का हो?

स्वागताची कमिटी झाली. खुर्शीदबाई अध्यक्ष. अक्षर बरं म्हणून मी चिटणीस. कमिटीत मुकादमांना कुणी घेतलं नाही, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी आपलं त्यांना सांगायला म्हणून घाटात गेलो. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं.

"बसून येणार?"

मी म्हटलं, बसून. ढकलायला लागलं तर शर्यत कसली?

मुकादम कडेच्या कठड्यावर टेकले. मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं तोवर पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मास्तर, मोटारीतल्या मानसाच्या बुडाखाली गादी असती. त्यो दरीकडं बघतो. गाडीवान झोपतो. एकतीस वरसं झाली, ह्यो घाट अंगानं बघितला असा मानूस मला भेटला न्हाई. ही पोरं बघणार. खडा न् खडा कळणार त्यान्ला." मग जरा थांबून म्हणाले, "तेवीसच्या तेवीस बसून वर गेली पायजेत. रस्त्यापायी एक बी उतरता कामा न्हाई."

त्यांची नोकरी तेव्हा चार महिने उरली होती. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. वाडीच्या मागं एक खाण होती, तिच्यात सगळ्यात बारीक आणि तांबडा मुरूम निघायचा. तो त्यांनी लाटसाहेबांसाठी म्हणून राखून ठेवलेला. या वर्षी म्हणाले, लाटसाहेब जातील जुन्यावरून. शर्यतीला चार दिवस असताना आठ माणसं आणि दोन गाड्या लावून त्यांनी साडेचार मैलांच्या घाटात तो मुरूम पसरला, पाणी मारलं, दगडांना चुना लावला. बांधकाम खात्याचे ओव्हरसियर साहेब येऊन पाहून गेले आणि खूश झाले, कारण त्यांचे मोठे साहेब शर्यत बघायला मोटारीनं येणार होते. खुर्शीदबाईंनी वरून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वागताच्या भाषणात 'लाल पायघड्या' असं एक वाक्य घातलं. आमच्या गावात सायकली होत्या, शिकलेली माणसं होती, पण घाटात सायकलवर बसून चढलेलं एकही माणूस नव्हतं. त्यामुळं कुणालाच काही कळलं नाही.

शर्यतीच्या दोन दिवस आधी दुपारी मारुती नावाचा एक गडी घाट अजमावायला आला. वाळव्याकडच्या ऊसवाल्यांच्या घरातला, लढाईत लष्करात सायकलवरून निरोप पोचवायचं काम केलेला, आता सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडे पगारावर. मांड्या अशा की बघत राहावं. मी आणि मुकादम दुसऱ्या वळणावर कौतुकानं उभे होतो. मारुती पहिल्या वळणावर डगमगला, दुसऱ्यावर आमच्या समोर आला, पुढचं चाक मुरमात रुतलं आणि गडी सायकलीसकट आडवा. गुडघा सोलून निघाला.

मुकादम आधी त्याच्यावरच डाफरले. असा कसा पडलास, म्हणाले, एवढा चांगला रस्ता दिला तुला.

मारुती उठून बसला. शिकलेला नव्हता, पण माणूस समजूतदार. त्यानं सायकल उचलली आणि चाक मुकादमांच्या हातात दिलं. "हे बघा, मुकादम. बोटाएवढं हाय. मऊ लागलं की रुततंय. ह्याच्याखाली तुमचा जुना रस्ता हाय न्हवं, दाबून टनक झालेला? आमाला त्योच पायजे हुता." मग त्यानं खरं ते सांगून टाकलं. हा रस्ता असाच असेल तर शर्यत वाईतच संपवतील, वर येणारच नाहीत. आणि आले तर सगळे ढकलत येतील.

तो लंगडत खाली गेला. मुकादम ते चाक धरलेले हात तसेच पुढं धरून उभे होते.  ते म्हणाले, "मास्तर, म्या मान म्हनून टाकला वो."  मग ते वाकले, मूठभर मुरूम उचलला, खालची जमीन बोटानं चाचपली आणि म्हणाले, उद्या उजाडता सगळं झाडून काढायचं. दहाच्या आत. दहानंतर दरीचा वारा वर चढतो, मग झाडलेला मुरूम परत रस्त्यावर येतो.

साडेचार मैल, आठ माणसं, चार तास. मी गणित शिकवतो, त्यामुळं मला तिथंच घाम फुटला. धावत वर जाऊन खुर्शीदबाईंना सांगितलं. बाई माझ्यावर अशा कडाडल्या की शर्यतीतल्या माणसांना वाईला ऐकू गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी फटफटताना त्या स्वतः छत्री आणि खुर्ची घेऊन वरच्या वळणावर हजर, आणि मागं त्यांचे सगळे नोकर, गालिचे झाडायच्या कुंच्यांसकट. बाजारातल्या बायका खराटे घेऊन आल्या. वाण्यानं दुकान बंद ठेवलं, न्हाव्यानं मानेवरचे केस झाडायचा बुरूश आणला; त्यानं काय झाडणार होता ते त्यालाच ठाऊक. खालून वाडीची माणसं वर निघाली. मुकादम मधून फिरत होते आणि सगळ्यांना एकच सांगत होते, डोंगराकडं झाडा, दरीकडं न्हाई, मुरूम वाया घालवायचा न्हाई. तासाभरात आम्ही सगळे असे तांबडे झालो की खुर्शीदबाईंना आपला आचारी ओळखू येईना.

आठच्या सुमाराला ओव्हरसियर साहेब फटफटीवरून आले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. मोठे साहेब उद्या येणार, आणि इथं सगळा गाव मिळून त्यांच्यासाठी घातलेला मुरूम झाडतोय, हे पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी काम थांबवायला सांगितलं. कुणी थांबलं नाही, सगळे मुकादमांकडे बघत होते. मग साहेब म्हणाले, हे हुकूम मोडणं झालं, मी लेखी कळवीन, चार महिने राहिलेत तुमचे, विचार करा.

मुकादमांनी फेटा काढून घाम पुसला आणि परत बांधला. मग बोलले, अगदी हळू.

"साहेब, नोकरी तुमची हाय, ती घ्या. रस्ता तेवढा उद्यापतुर माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

ओव्हरसियर साहेबांनी फटफटी वळवली. त्यांनी लेखी कळवलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना घाट झाडून झाला, आणि खरोखरच थोड्या वेळानं दरीतून वारा उठला. पण तोवर मुरूम कडेला ढिगांनी लावून, वर ओली पोती टाकून झाली होती.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मुकादमांना कामावरून दूर केल्याचा निरोप आला. खाकी कोट परत द्यायचा होता, तो त्यांनी घडी घालून दिला. मला वाटलं आता हा माणूस घरी बसेल. तर धुतलेला सदरा घालून ते सगळ्यात उभ्या चढाच्या वळणावर येऊन उभे. कमिटीनं मला वर स्वागताच्या कमानीपाशी थांबायला सांगितलं होतं. मी म्हटलं, खड्ड्यात गेली कमान, आणि त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो.

पहिला आला तो पुण्याचा. मान खाली, तोंडावाटे श्वास, आणि बसून. दुसरा, तिसरा, सगळे बसून. लोक ओरडत होते, टाळ्या पिटत होते. मुकादमांचं सायकलवाल्याच्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. ते चाकाखाली बघत होते आणि ओठ हलवून मोजत होते. मोठ्या साहेबांची मोटार मध्येच येऊन गेली. साहेब आत गाढ झोपले होते. मुरूम आहे की नाही, घाट आहे की नाही, त्यांना काही पत्ता नव्हता. पण ओव्हरसियर साहेबांचा कागद आधीच निघालेला, आणि निघालेला कागद माघारी बोलवायची सोय कुठल्याच खात्यात नसते.

बावीस झाले, बावीसही बसून. तेविसावा मारुती. तो वळणाच्या तोंडाशी आला, दोनदा हेलकावला, आणि आमच्यापासून दहा पावलांवर पाय टेकून उतरला.

 मुकादम तरातरा त्याच्यापाशी गेले. 

"का उतरलास?"

मारुती धापा टाकत होता. त्याच्या गुडघ्याची पट्टी लाल झाली होती, रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत गेलेला. परवाची तीच जखम. मला स्पष्ट दिसत होती. त्यानं मुकादमांकडे पाहिलं, कोट नसलेल्या अंगावरच्या त्या सदऱ्याकडे पाहिलं. खाली वाईत त्याला सगळं कळलं असणार.

"पायात गोळा आलाय," तो म्हणाला.

"रस्त्यापायी न्हाई?"

"न्हाई वो मुकादम. रस्ता झ्याक हाय."

मुकादम गर्रकन लोकांकडे वळले. "ऐकलं का रं? पायात गोळा आलाय त्येच्या." आणि असे हसले की त्यांचे मागचे दात पडलेले मला पहिल्यांदा दिसले. पट्टी त्यांना दिसली नाही, की दिसूनही त्यांनी पाहिली नाही, हे मी कधी विचारलं नाही. मारुती पाणी प्यायला, त्यानं पुन्हा टांग टाकली आणि तो वर गेला. त्या दिवशी तो शेवटचा आला. खुर्शीदबाईंनी त्याला पहिल्या नंबरापेक्षा दोन अंडी जास्त वाढली.

संध्याकाळी मी भाषण वाचलं. पायघड्यांचं वाक्य मी अर्थातच कापलं होतं, आणि त्या गडबडीत रस्त्याचा उल्लेखच राहिला. हवेवर मात्र सव्वा पान होतं. मुकादम मागं उभे राहून ऐकत होते. मला त्याची आजही लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात त्यांनी वाडीतलं घर भावाच्या हवाली केलं आणि माधवनगरला सोनाबाईकडे जायला निघाले. मला सुट्टी लागली होती, मीही सांगलीलाच चाललो होतो. म्हटलं, बरोबर जाऊ. ते निरोप घ्यायला वर बाजारात आले होते, तिथूनच आम्ही वाईची मोटार धरली. तिकीट काढताना कळलं, घाटातून मोटारीनं जायची त्यांची ही पहिलीच खेप. ओव्हरसियर साहेब कितीदा तरी गाडीत बसा म्हणायचे, पण काम सोडून बसायचं कसं? ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं मानानं आपल्या शेजारी बसवलं. मी मागच्या बाकावर.

 वळण आलं की मुकादम दोन्ही हातांनी समोरची दांडी धरत, सरळ आलं की सोडत. मागं एक बाई ओकत होती, एक मूल रडत होतं, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून भांडत होता. आणि बघता बघता घाट संपून वाई आली. मोटार अड्ड्यावर थांबली, माणसं उतरली. मुकादम तसेच बसून.

"झाला?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, झाला की, चांगला पाऊण तास लागला आज, गर्दी होती.

"एवढाच हाय व्हय?"

 एकतीस वर्षं सकाळी सहाला निघून दिवस मावळेपर्यंत त्यांचा हा घाट संपायचा नाही. मी त्यांचा हात धरायला पुढं झालो. म्हटलं, चला मुकादम, सांगलीची गाडी लागलीय.

ते उठले नाहीत. धोतराच्या कनवटीतून पैसे काढून त्यांनी कंडक्टरपुढं धरले आणि वरचं तिकीट मागितलं.

मी म्हटलं, अहो, सोनाबाई वाट बघत असेल. जावईबापू स्टँडवर येणार आहेत.

"येऊ द्या. तुमी माझी ट्रंक घेऊन व्हा म्होरं. म्या येतो उद्या." मग मला समजावून सांगावं तसं म्हणाले, "आवं मास्तर, उतरताना काय कळतंय? ती पोरं चढून गेली न्हवं. मला चढतानाचा बघायचा हाय."

कंडक्टरनं मला विचारलं, म्हातारा तुमचा कोण? मी म्हटलं, तिकीट द्या त्यांना. मोटार भरली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी दोन ट्रंका घेऊन अड्ड्यावर उभा होतो. मोटार वळली तेव्हा ते पुढच्या काचेपाशी ताठ बसलेले दिसले, मान जरा पुढं काढून, नजर खाली चाकापुढच्या रस्त्यावर. मी हात केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.